चाळीस काड्यांचा वाफा

पाटीवरचा शब्द माझाच होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणावर ढकलायची सोय राहणार नाही.

आमच्या ह्यांनी पत्र्याच्या पाटीला पांढरा रंग देऊन त्यावर पेन्सिलीने पुसट लिहिलं होतं : आमचं छोटं शेत. रविवारी सर्वांना प्रवेश. मग हातात ब्रश घेऊन माझ्या होकाराची वाट बघत उभे राहिले. मी चष्मा लावून वाचलं.

"'आमचं' काय? 'आपलं' लिहा."

"काय फरक पडतो?"

"सगळा फरक पडतो. 'आमचं' म्हटलं की वाचणारा कुंपणाबाहेर. 'आपलं' म्हटलं की तो आत आला. आणि 'प्रवेश' काय? तिकिटं फाडणार आहात का?"

ह्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. "मग तू लोकांशी बोलताना 'आमचे हे' का म्हणतेस? 'आपले हे' म्हणत जा."

"तेवढं एक आमचंच राहू दे," मी म्हटलं. लेक पायरीवर बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होती, ती हसून हसून पायरीवरून खाली आली.

तर पाटी झाली. आपलं शेत. रविवारी सगळ्यांनी यायचं. ह्यांची अक्षरं सुरेख आहेत. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते, 'लिफ्ट बंद आहे' एवढंच लिहून लिहून हात वळणदार झालेला. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, आयुष्यभर वर-खाली केलं, आता जमिनीवरच राहायचं. मी बावीस वर्षं दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसले. समोर काच, काचेला बशीएवढं गोल भोक. त्यातून बावीस वर्षं मी माणसांच्या हनुवट्या बघितल्या. अख्खी माणसं कशी दिसतात ते एकदा बघावं, ती आपल्याकडे कागदाशिवाय यावीत, असं फार वाटायचं. शेत काढायचं आणि ते सगळ्यांना मोकळं ठेवायचं, ही कल्पना त्या भोकातून आलेली आहे.

जमीन एक एकर. वस्तीच्या टोकाला, पूर्वी तिथे ट्रक उभे करायचे. पहिल्या वर्षी आमचं मुख्य पीक म्हणजे नट, बोल्ट आणि बाटल्यांची बुचं. ह्यांनी ती धुऊन बरण्यांत भरून ठेवली आहेत, कधी लागतील म्हणून. दुसऱ्या वर्षी शेणखत घातलं, माती जरा मऊ झाली, घेवडा झाला, मुळा झाला, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. शिकवायला कुणी नव्हतं. वाचनालयातून पुस्तकं आणायची, वहीत उतरवून घ्यायचं, तसंच करायचं. वाचून शिकणाऱ्या माणसात एक खोट राहते. जे वाचलं नाही ते जगात नाहीच, असं त्याला वाटायला लागतं.

आमच्याकडे पहिलं माणूस आलं ते म्हणजे मावशी. दोन गल्ल्या सोडून एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. सगळी वस्ती त्यांना इस्त्रीवाल्या मावशी म्हणते. वय सत्तरीच्या आसपास, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, एवढी वर्षं इस्त्री ओढून. पाटी लावली त्याच दिवशी त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं.

"खरंच का सगळ्यांनी?"

"खरंच, मावशी. आपलंच समजा."

"मग बुधवारी येते. बुधवारी कपडे कमी असतात."

आणि आल्या. सरळ घेवड्यात बसल्या आणि गवत काढायला लागल्या. मी एक ओळ करेपर्यंत त्यांच्या तीन झालेल्या असायच्या. जाताना बादलीत बोटं बुडवून रोपांवर पाणी शिंपडायच्या, कपड्यावर शिंपडतात तसं, मनगटाला झटका देऊन. "लहानपणी दुसऱ्यांच्या शेतांत फार उपटलंय," एवढंच एकदा म्हणाल्या. तिसऱ्या बुधवारी दुकानात कुणालातरी सांगताना मी त्यांना ऐकलं, "आज लवकर बंद करते हं, आपल्या शेतात जायचंय." मी रस्त्यावरून जात होते. दिवसभर तो शब्द जिभेवर घोळवत होते. एवढा आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. तिथे तर घड्याळ मिळालं होतं.

आता वाफ्याचं सांगते.

शेत सगळ्यांना खुलं करण्याचा म्हणून एक रविवार ठरवला होता. वस्तीतल्या पोरांसाठी मी एक बेत केला. गाजराचा एक वाफा करायचा, त्यातलं एकेक रोप एकेका पोराच्या नावाचं. शेजारी नावाची काडी. पोरं येतील, आपापलं रोप बघतील, पुन्हा पुन्हा येतील आणि शेवटी आपापलं गाजर उपटून घरी नेतील. पोरांमागून आईबाप येतील. वहीत हे मी लाल शाईने लिहिलं होतं.

बी पेरलं. पुस्तकात लिहिलं होतं की गाजर उगवायला फार वेळ लावतं, धीर धरा. माझं तर आठवड्यातच उगवलं. मला वाटलं, हात गुणाचा आहे. पानं कशी, नक्षीदार, कातरलेली, पुस्तकातल्या चित्रासारखी. ओळी जरा वाकड्या आल्या होत्या, पण पोरं तरी कुठे सरळ रांगेत उभी राहतात. मी त्या वाफ्याला वाटीने पाणी घालायची. मधलीमधली रोपं हाताने विरळ केली, चांगली टपोरी चाळीस ठेवली. एक रोप बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. त्याच सुमारास माझ्या मनगटांना खाज सुटली, लाल पुरळ उठलं. मी साबण बदलला. मग तोही बदलला.

त्या रविवारआधीच्या बुधवारी मावशी त्या वाफ्यापाशी उकिडव्या बसल्या.

"हे काय लावलंय, ताई?"

"गाजर."

"गाजर," त्या म्हणाल्या. "असं. वास घेऊन बघितलात का याचा?"

"मावशी, गाजराचा वास जमिनीखाली असतो," मी म्हटलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन वहीत लिहिलं.

"मी जरा हात फिरवू का यात?"

"नको नको. बाकी कुठेही काढा, या वाफ्याचं माझं मी बघते. पुस्तकात बघून केलाय सगळा."

"बरं," मावशी म्हणाल्या.

त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते मला आता ऐकू येतं.

शनिवारी लेकीने आइस्क्रीमच्या चाळीस काड्यांवर चाळीस नावं लिहिली. मी गुडघ्यांवर बसून एकेका रोपाशेजारी एकेक काडी खोचली. रविवारी सकाळी नवाची वेळ दिली होती, पण लोक साडेआठलाच यायला लागले. फुकट म्हटलं की घड्याळं पुढे जातात. आम्ही तिघंही शेताच्या कोपऱ्यातल्या शेडमध्ये होतो. मी कप मांडत होते, हे बाक पुसत होते, लेक वस्तीतल्या बेकरीवाल्याने आणलेले पाव परातीत रचत होती. पंधरावीस पोरं, तेवढीच मोठी माणसं. मी पदराला हात पुसत बाहेर आले, पोरांना घेतलं आणि मोठ्या थाटात म्हटलं, "चला, आपापलं गाजर बघायला."

वाफा रिकामा होता.

मधोमध मावशी बसलेल्या. शेजारी पोतं, त्याचं तोंड सुतळीने बांधत होत्या. काळी, उकरलेली माती, आणि एक हिरवं पान नाही. म्हणजे मला दिसलं नाही.

माझ्या आत एक खिडकी आहे, ती उघडली. बावीस वर्षांचा आवाज काचेच्या भोकातून बाहेर पडावा तसा पडला.

"मावशी! काय केलंत हे? कुणाला विचारून हात लावलात?"

त्या घाईने उठल्या. "ताई, जरा बाजूला या, सांगते."

"बाजूला कशाला? इथेच सांगा, सगळ्यांसमोर! पोरांची नावं होती त्याच्यावर!" मी तरातरा वाफ्यात शिरले होते, मऊ मातीत पाय रुतत होते. "गाजर आणि गवत यातला फरक कळत नसेल तर हात कशाला लावायचा? येऊ दिलं, बसू दिलं, म्हणून काय कुणीही काहीही उपटायचं? आमचं शेत आहे हे. आमचं!"

मावशींनी पोरांकडे बघितलं. पोरांचे डोळे त्यांच्या पोत्यावर होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं तर एका शब्दात त्या मला आडवी करू शकत होत्या. तो शब्द त्यांच्या तोंडात होता.

"चुकलं, ताई," त्या म्हणाल्या.

ओच्यातून काड्यांची जुडी काढली, माझ्या हातावर ठेवली. चाळीसच्या चाळीस, माती पुसलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. पोतं खांद्यावर टाकलं, त्या खाली असलेल्या खांद्यावर, आणि पाटीखालून निघून गेल्या.

"बघा, पालासुद्धा सोडला नाही," मी बेकरीवाल्याच्या बायकोला म्हटलं. "कुणाच्या तरी शेळीची सोय झाली."

हे मी बोलले. लिहिताना इथे थांबून मी उठून पाणी पिऊन आले.

ह्यांनी माझ्या हातातून काड्या घेतल्या आणि मुळ्याच्या वाफ्यात खोचायला सुरुवात केली. पोरांना गाजर काय, मुळा काय. चहा झाला, पाव संपले. लोक घेवड्यात फिरले, पण जरा कुंपणाच्या कडेकडेने, वस्तूंना हात न लावता. एका बाईने पोराचा हात धरून त्याला मागे ओढलं, "हात नको लावू हं, त्या रागावतात." दुपारी सगळे गेल्यावर मी म्हटलं, छान झालं नाही? ह्यांनी बाक आत नेले, लेक परात घासायला बसली.

गुरुवारी सकाळी हे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी चहा घेत उभे होते.

"तुझ्या गाजराला फुलं आलीत गं."

"गाजराला पहिल्या वर्षी फुलं येत नाहीत," मी शेगडीपाशी उभी राहूनच म्हटलं. वहीतलं पान माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"मग हे गाजर नसेल," हे म्हणाले. लिफ्टवाला माणूस. दिवा लागत नसेल तर वीज नसेल, एवढा सरळ विचार.

मी हात पुसून जवळ गेले. डब्यातल्या रोपाने मधून एक दांडा वर काढला होता आणि त्यावर पांढरी फुलं, मिठाच्या खड्यांएवढी. ही फुलं मी बघितली होती. बसस्टॉपमागे, नाल्याच्या कडेला, दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी. सगळं आयुष्य बघितली होती. त्याचं नाव मला लहानपणापासून येतं, शाळेतल्या पोरालाही येतं. गाजरगवत. नावातच सांगून ठेवलंय की बाई गं, हे गाजरासारखं दिसतं, फसू नकोस. पण रस्त्याकडेला असलं की ते गवत, आणि मी वाफा करून, वाटीने पाणी घालून, शेजारी काडी खोचली की ते गाजर.

"आई," लेक मागून हळूच म्हणाली, "मग तू पोरांची नावं..."

मी चप्पल घालून निघाले होते.

वाफ्यात गुडघ्यांवर बसले आणि नाक मातीला लागेल इतकी वाकले. तेव्हा दिसलं. हिरव्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी, बोटभरही उंच नाही, इथे एक, तिथे दोन. मोजली तर अकरा. मावशींनी एवढ्या गवतातून ही अकरा वेगळी ओळखून, त्यांच्या मुळांना धक्का न लावता ठेवली होती. आणखीही असतील. कारण वाफ्याच्या मधोमध माझ्या चपलांचे ठसे होते, टाचेसकट, चांगले खोल, आणि त्या ठशांत तसलेच दोरे चेपून वाळले होते. एक उचलून बोटांत चुरडलं.

गाजराचा वास. जमिनीच्या वर.

धरणी पोटात घेईल तर बरं असं आपण सहज म्हणतो. त्या दिवशी मी खरोखर जमिनीकडे त्या नजरेने बघितलं. पण तिच्यात मीच एवढं शेणखत घातलं होतं, ती मला कशाला घेतेय.

शुक्रवार मी घाबरण्यात घालवला. शनिवारी ह्यांचे दोन शर्ट घेतले, म्हणजे जायला निमित्त. जिन्याखाली मावशी स्टुलावर बसल्या होत्या. टेबलावर घडी घातलेलं कांबळं, त्यावर इस्त्रीचा त्रिकोणी डाग, इस्त्री गार. कपड्यांची गाठोडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलेली. मावशींचे दोन्ही हात ओल्या फडक्यांत गुंडाळलेले.

"बंद आहे दुकान," त्या म्हणाल्या. मग मला ओळखून, "या ताई. बसायला जागा नाही पण."

"हातांना काय झालं?"

"उठलंय जरा. त्याचा चीक लागला की असंच होतं मला. आधी पण व्हायचं." फडकं जरा सरकलं तर खाली फोड दिसले, मनगटापासून कोपरापर्यंत. "आठ दिवसांत जातं. एक बाई हात बघून चादरी परत घेऊन गेली. बाकीचे थांबलेत बिचारे."

माझी मनगटं मी मागे घेतली. माझं पुरळ म्हणजे त्यापुढे काहीच नव्हतं, आणि मी त्याच्यापायी दोनदा साबण बदलला होता.

"मावशी, ते गाजरगवत होतं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो ना."

"मग बोलला का नाहीत? मी एवढी ओरडत होते, एक शब्द बोलायचा!"

मावशींना माझा प्रश्नच कळला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. "पोरं उभी होती की. त्यांची नावं होती काड्यांवर. तुमचं नाव गवताला दिलंय, असं पोरांना सांगायचं?" त्यांनी फडकं दातांनी ओढून घट्ट केलं. "तुम्ही यायच्या आत होईल वाटलं होतं. शेवटच्या ओळीला उशीर झाला. आणि लोक तुम्हाला हसले असते, ताई. पहिल्याच दिवशी. पहिल्या दिवशी ज्याला हसले, त्याला मग लोक कायमचं हसतात."

"म्हणून तुम्ही माझं ऐकून घेतलंत."

"तुमचं शेत. तुम्ही बोलणारच."

तुमचं. त्यांनी ते लावून म्हटलं नव्हतं, अगदी सहज म्हटलं होतं, आणि तेच लागलं. पाटी रंगवताना मी ह्यांना शिकवला होता तो फरक मावशींना न शिकवता येत होता.

मी म्हटलं, माझं चुकलं. म्हटलं, मला तोंड दाखवायला जागा नाही. म्हटलं, शेळीचं बोलले तेही चुकलं, तेव्हा कळलं की शेळीचं त्यांना माहीतच नव्हतं. म्हणजे तेही मीच सांगितलं. बराच वेळ बोलले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि गाठोड्यांकडे मान वळवली.

"शर्टांनी ऐकलं," त्या म्हणाल्या.

रागाने नाही. जवळजवळ हसून. पण मला समजलं. ओरडले होते ती चाळीस माणसांसमोर, आणि माफी मागायला आले होते ती जिन्याखाली, जिथे शर्टांशिवाय कुणी नाही.

मी इस्त्रीचं बटण दाबलं.

"काय करताय?"

"तुम्ही सांगा, मी करते."

"तुमच्याच्याने नाही व्हायचं."

"सांगा तर."

"कॉलर आधी. मग बाही. अहो उलटी नाही, उलटी नाही! कॉलरीचं टोक आत घ्या. याचं पुस्तक नाही का वाचलंत?"

दुपारपर्यंत मी एकवीस कपडे केले. मावशी स्टुलावरून हुकूम सोडत होत्या आणि त्यांना त्यात हळूहळू मजा यायला लागली, हे मला दिसत होतं. एका निळ्या शर्टाच्या बाहीवर दोन घड्या पडल्या. मी पुन्हा पाणी शिंपडायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या. बेकरीवाल्याचा आहे. त्याला कुठे कळतंय."

निघताना विचारलं, "उद्या रविवार. याल?"

"हात बरे झाले की बघू."

रविवारी माणसं कमी आली. पोरं धरून पंधरा असतील. मी बिस्किटांचा डबा घेऊन शेडसमोर उभी राहिले. हे आणि लेक दोन्ही बाजूंना, जणू मी पडलेच तर पकडायला. समोर बेकरीवाला निळ्या शर्टात, बाहीवर दोन घड्या.

"गेल्या रविवारी मी इस्त्रीवाल्या मावशींना इथे नको ते बोलले," मी सुरुवात केली.

"जरा मोठ्याने!" मागून कुणीतरी म्हणालं. बावीस वर्षं हे वाक्य मी लोकांना म्हणत आले होते. आता खिडकीचा आवाज हवा होता, तर तो येईना.

"त्यांनी गाजरं उपटली नाहीत. गाजरं नव्हतीच. मी सव्वा महिना गाजरगवताला वाटीने पाणी घातलं." डबा वर धरला. फुलं आता चांगली उमलली होती. "हे. मावशींनी ते काढलं, मला कुणी हसू नये म्हणून, तुमची नावं त्यावर राहू नयेत म्हणून. त्यांचे हात फोडांनी भरलेत. आणि खरी गाजरं त्यांनी ठेवली होती, ती मी पायांखाली तुडवली."

मग बेकरीवाला हसायला लागला. तो माणूस वाईट नाही, पण त्याचं हसू आवरत नाही, पोटातून येतं. "गाजरगवत! वाटीने पाणी!" म्हणत तो बाकावरच बसला, मग त्याची बायको हसली, मग सगळेच. मावशींनी मला ज्यातून वाचवलं होतं ते हे. मी उभी राहून ते सगळं अंगावर घेतलं. तोंड गरम झालं, कान गरम झाले, डबा हातात तसाच.

दोन वेण्या घातलेली, सहासात वर्षांची एक मुलगी पुढे आली. तिला हसू येत नव्हतं.

"माझं नाव गवताला दिलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

"का?"

"मला ओळखता आलं नाही."

तिने डब्यातलं रोप नीट बघितलं. मग मला बघितलं. आणि आईकडे गेली. बाकी सगळ्यांचं हसणं मी विसरेन, असं वाटतं.

लोक गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "पाटीवरचा पहिला शब्द पुसून टाका."

"लिहिला मी, पण शब्द तुझा," हे म्हणाले. "पुसायचा तर तू पूस." आणि रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला.

मी पुसला. तो पूर्ण जात नाही. पांढऱ्यावर राखाडी धब्बा राहिला आणि त्याच्यापुढे ह्यांच्या सुरेख अक्षरात एकटं 'शेत'.

बुधवारी मी घेवड्यात होते. कुंपणाशी कुणीतरी उभं आहे असं वाटून मान वर केली. मावशी. हातांवरची फडकी गेली होती, कातडी गुलाबी, नवी. त्या पाटी बघत होत्या.

"अर्धीच आहे."

"हो."

"भुंडी दिसते."

मी जवळ गेले. फाटक उघडलं. त्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"बोललात म्हणे रविवारी."

"कुणी सांगितलं?"

"शर्टांनी," मावशी म्हणाल्या. पिशवीतून रबरी हातमोज्यांची एक जोडी काढली, धुऊन, वाळवून, चक्क घडी घातलेली. "हे घाला. नळाच्या मागे राहिलंय अजून ते. मला त्या दिवशी पोचता आलं नाही. फुलायच्या आत काढा, नाहीतर सगळीकडे होईल."

"कुठे?" मी विचारलं. नळ कुठे आहे ते मला माहीत होतं. मला त्यांच्या तोंडून पुढचा शब्द ऐकायचा होता. तुमच्या की आपल्या.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या काही भोळ्या नाहीत.

"शेतात," त्या म्हणाल्या.

"या ना आत."

"आज नको. गाठोडी पडलीत, आठ दिवसांची." त्या वळल्या, चार पावलं गेल्या, थांबल्या. "आणि उपटायच्या आधी वास घ्या, ताई. प्रत्येकाचा."

मी हातमोजे चढवले. नळामागे दाट माजलं होतं, गुडघाभर. पहिल्या रोपाचं पान चुरडलं आणि नाकाशी धरलं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. ते सगळं गवतच आहे हे आता मला लांबूनही ओळखू येत होतं. तरी एकेकाचा वास घेतल्याशिवाय मी एकही उपटलं नाही.